राणीचा बाग : देणगी, वर्गणी आणि पालिकेचा खर्च

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या जडणघडणीत दानशूर व्यक्तींचा वाटा मोठा आहे. रुग्णालये, शाळा व ग्रंथालये यांच्या संदर्भात त्याची चर्चा वारंवार होते. सार्वजनिक वनस्पती उद्यानाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. इमारत एकदा बांधली की काही वर्षे तरी उभी राहते. झाडांची निगा मात्र नित्य राखावी लागते. हा नित्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाच्या अनुषंगाने भायखळ्याच्या राणीच्या बागेचा, म्हणजेच आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचा, विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लोकवर्गणीचा कालखंड

पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची जुनी बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याची नवी बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली. त्याच दिवशी शेजारच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी बसविली. संग्रहालयासाठी निधी उभारण्यात जगन्नाथ शंकरशेठ, डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा पुढाकार होता. परिसरातील घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या नावाशी निगडित आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला तेजी आली होती. १८६५ मध्ये युद्ध संपताच ही तेजी ओसरली, सट्टेबाजी कोसळली आणि अनेक धनिक कर्जबाजारी झाले. संग्रहालयाची वर्गणी आटली; काम सरकारी मदतीने पुरे होऊन ते १८७२ मध्ये खुले झाले. बागेचे व्यवस्थापनही १८७३ मध्ये पालिकेकडे गेले. दात्यांच्या औदार्यावर उभे राहिलेले कार्य करदात्यांच्या पैशावर टिकले, असे यावरून दिसून येते.

अलीकडचा कालखंड

२००३ मध्ये महापालिका, इन्टॅक व जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार होऊन डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे जतनकार्य हाती घेण्यात आले. २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले. येथे खाजगी देणगी पालिकेच्या जबाबदारीला पूरक ठरली. उद्यानाला मिळालेला आधार मात्र निराळ्या स्वरूपाचा होता. प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकासाचा मोठा आराखडा २००७ च्या सुमारास पुढे आला, तेव्हा नागरिकांनी तेथील वृक्षांचा अभ्यास करून त्यांच्या रक्षणासाठी पाठपुरावा केला. हे श्रमाचे व ज्ञानाचे दानच होय. त्याची नोंद जमाखर्चात होत नाही.

२०१७ मध्ये पेंग्विन कक्ष सुरू झाला. त्याच वर्षी प्रौढांचे प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये करण्यात आले. गिरणगावालगतच्या या बागेत सहकुटुंब येणाऱ्या सामान्य माणसाच्या दृष्टीने ही वाढ लहान नव्हती. दाता व करदाता यांच्या जोडीला प्रेक्षकाकडूनही खर्चाचा वाटा घेतला जाऊ लागला, की उद्यानाचे सार्वजनिक स्वरूपच विचारात घ्यावे लागते.

निष्कर्ष

देणगीने उद्यानाचा आरंभ होतो व जीर्णोद्धारही होतो. परंतु माळ्याचे वेतन व झाडांचे पाणी यांसाठी नियमित उत्पन्नच लागते. दात्याला वास्तूवर आपले नाव कोरता येते, झाडाच्या रोजच्या निगेवर ते कोरता येत नाही. म्हणून देणगीला पालिकेच्या खर्चाचा पर्याय न मानता त्याची जोड मानावी आणि नागरिकांच्या अभ्यासपूर्ण देखरेखीलाही तेवढेच मोल द्यावे, हा या इतिहासाचा बोध आहे.