दोन्ही पठ्ठे आपलेच

आमच्या इंदापूर-बारामतीकडे जत्रेच्या फडात सगळे बघतात पैलवानाकडे. मीही आजोबांच्या खांद्यावर बसून तेच बघायचो. आजोबा मात्र म्हणायचे, "अरे, वस्ताद बघ, वस्ताद!"

ते आठवलं ७ जानेवारी २०२० ला. पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती होती. गादी विभागातून हर्षवर्धन सदगीर, मातीतून शैलेश शेळके. आणि दोघंही काका पवारांच्याच तालमीतले! काका मूळचे लातूरकडचे, ग्रीको-रोमनचे पैलवान, १९९८ चे अर्जुन पुरस्कार विजेते. पण वजन हलकं, आणि केसरीची गदा मोठ्या वजनाच्या गड्यांची. म्हणजे स्वतः तिच्यासाठी लढायचा प्रश्नच नव्हता. आता ती तालमीत येणार हे नक्की झालं होतं, पण आपल्याच एका पोराच्या पराभवातून. वस्तादानं कुणाला काय सांगायचं हो अशा वेळी?

रोज एकत्र मेहनत करणारी पोरं, एकमेकांचे डाव तोंडपाठ. कुस्ती रेंगाळलीच. शेवटी हर्षवर्धन ३-२ नं जिंकला आणि त्यानं शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं.

घरातले टाळ्या वाजवत होते. मी टीव्हीवर काकांना शोधत होतो.