पेडल तीन, पाय दोन : रेस ट्रॅकवर गिअर खाली आणतात तरी कसा?

आयर्टन सेनाचा एक जुना व्हिडिओ सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतो. जपानमधला सुझुका ट्रॅक, होंडाची एनएसएक्स आणि कॅमेरा सेनाच्या पायांवर. पायात रेसिंगचे बूटही नाहीत, साधे लोफर. वळण जवळ आलं की त्याचा उजवा पाय ब्रेक दाबता दाबताच ॲक्सिलरेटरही दाबतो. थांबायचं असताना रेस कशासाठी?

गिअर खाली आणतात तो वेग कमी करायला, असा आपला समज असतो. घाटातल्या उतारावर ते खरंही आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. ट्रॅकवर मात्र वेग कमी करणं हे ब्रेकचं काम. गिअर बदलायचा तो वळणातून बाहेर पडताना इंजिनची ताकद लगेच मिळावी म्हणून.

आता थोडं गणित. समजा, तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.४ आहे आणि दुसऱ्याचं २.१. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर गाडीच्या त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ६,००० फेरे लागतात. पण क्लच दाबला की इंजिन मोकळं होतं आणि फेरे वाढायच्या ऐवजी उतरायला लागतात. तशातच क्लच सोडला, तर कमी पडलेले फेरे चाकांकडून वसूल होतात. गाडीला गचका बसतो.

रस्त्यावर या गचक्याने फार तर मागे बसलेले वैतागतात. ट्रॅकवर तो महागात पडतो. जोरात ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाकं हलकी होतात. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत गचका नेमका त्याच चाकांना बसतो. त्यांची पकड सुटली आणि गाडी वळणात शिरलेली असली, तर ती गर्रकन फिरते.

म्हणून क्लच सोडण्याआधी रेस देऊन फेरे वर आणायचे. याला रेव्ह मॅचिंग म्हणतात. अडचण एवढीच की डावा पाय क्लचवर आणि उजवा ब्रेकवर अडकलेला असतो. मग ब्रेकवरच्या पायानेच रेसही द्यायची, हीच 'हील अँड टो' पद्धत. नाव जरा फसवं आहे. टाच आणि बोटं वापरण्याऐवजी बरेच ड्रायव्हर चवड्याने ब्रेक दाबून ठेवतात आणि घोटा वळवून पावलाच्या बाहेरच्या कडेने ॲक्सिलरेटरला हलका धक्का देतात. क्रम असा : ब्रेक, क्लच, गिअर, रेस, मग क्लच सोडणं. या सगळ्यात ब्रेकवरचा दाब जराही बदलता कामा नये. शिकणाऱ्यांची खरी दमछाक इथेच होते.

हे रोजच्या रस्त्यावर जमत नाही, त्यालाही कारण आहे. बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा उंच असतं. ट्रॅकवरच्यासारखा करकचून ब्रेक दाबला तरच ते खाली जाऊन दोन्ही एका पातळीवर येतात. हळू ब्रेक लावताना पाय पोहोचतच नाही. आणि रहदारीत हा प्रयोग करूच नये.

घाईतली सगळ्यात महागडी चूक वेगळीच आहे. पाचव्यातून चौथ्यात जायचं असताना दांडा दुसऱ्यात पडतो. चाकं इंजिनला मर्यादेपलीकडे फिरवतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात आणि इंजिन जागीच संपतं. रेव्ह लिमिटरही इथे वाचवत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो. इंजिनाला फिरवत असतात ती चाकं. या प्रकाराला इंग्रजीत 'मनी शिफ्ट' म्हणतात ते उगाच नाही.

फॉर्म्युला वनमध्ये फेरारीने १९८९ मध्ये स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि ब्राझीलमधली पहिलीच शर्यत जिंकली. पुढे क्लचचं पेडलच गेलं. मॅन्युअल गाड्यांत निसानच्या ३७० झेडमध्ये गिअर बदलताना आपोआप रेस देणारी यंत्रणा आली. ती बंद करायचं बटणही गाडीत होतं.