कालयंत्र आणि बीडची विहीर

सिंगीतम श्रीनिवासराव यांच्या ‘आदित्य ३६९’ (१९९१) या तेलुगू बोलपटांत कालयंत्र आजच्या माणसांना कृष्णदेवरायाच्या विजयनगरांत नेतें. अशा सफरींतला विनोद बहुधा एकाच समजुतीवर उभा असतो : पूर्वज भोळे, आपण शहाणे. परंतु तें यंत्र मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दींत (१५६५–१५८८) बीड येथें थांबलें तर? सलाबतखानानें बांधविलेली खजाना विहीर तेथें दिसेल. ही रचना राजा भास्कराची, असें सांगतात. भुयारांतून आलेलें पाणी केवळ जमिनीच्या उतारानें शेतांकडे जाई. त्याला ना मोट लागे, ना बैल. अवर्षणांत टँकरची वाट पाहणारा आमचा प्रवासी तेथें कोणाला हंसणार? कदाचित् तेथील माळीच त्याला हंसेल, आणि तें हंसणें आपणांस निमूटपणें सोसावें लागेल.