ग्रामीण महाराष्ट्रातील एचआयव्ही उपचारसातत्य

एचआयव्ही संसर्गाचे निदान झालेल्या व्यक्तीची उपचारकेंद्रात नोंद होणे, तिची विषाणूविरोधी औषधे सुरू होणे आणि ती तिने पुढे आयुष्यभर न चुकता घेत राहणे, या सलग प्रक्रियेस उपचारसातत्य म्हणतात. भारतात ही औषधे १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत विनामूल्य दिली जातात. त्यामुळे औषधाची किंमत हा आता मुख्य अडसर राहिलेला नाही. केंद्रापर्यंतचा प्रवास, त्यापायी बुडणारी मजुरी, हंगामी स्थलांतर आणि गावात बोभाटा होण्याची भीती हे अडसर मात्र कायम आहेत. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर या तालुक्यांत, विशेषतः माळशेज घाटाच्या वाटेवरील टोकावडे परिसरात, हे सर्व एकत्र आढळत असल्याने प्रस्तुत लेखात त्या भागाचे उदाहरण विस्ताराने घेतले आहे.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०२१ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २४.०१ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या. त्यांपैकी ३.९४ लाख महाराष्ट्रातील असून ही संख्या कोणत्याही राज्यापेक्षा अधिक होती.

उपचाराचे स्वरूप

एचआयव्ही हा विषाणू रक्तातील सीडी-४ नावाच्या पेशींवर हल्ला करून शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण करतो. विषाणूविरोधी उपचाराने (एआरटी) तो शरीरातून समूळ नष्ट होत नाही, परंतु त्याची वाढ थांबते. २०२० नंतर बहुतेक प्रौढ रुग्णांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची मिळून झालेली एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. पूर्वीच्या औषधांच्या तुलनेत तिचे दुष्परिणाम कमी आहेत. नियमित औषध घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण, म्हणजे विषाणूभार, काही महिन्यांत इतके घटते की चाचणीत विषाणू सापडेनासा होतो. अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता वैद्यकशास्त्रात सर्वमान्य झाले आहे.

गोळ्यांत वारंवार खंड पडल्यास विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारे त्याचे प्रकार निर्माण होऊ शकतात. मग अधिक गुंतागुंतीची दुसऱ्या टप्प्यातील औषधे द्यावी लागतात. खंडाचा दुसरा धोका क्षयरोगाचा. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूंचे ते जगभर सर्वांत मोठे कारण आहे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध चालू असताना डोल्युटेग्राव्हिरची मात्रा दिवसातून दोनदा घ्यावी लागते, त्यामुळे दोन्ही उपचार देणाऱ्यांना एकमेकांची माहिती असणे अगत्याचे ठरते.

पार्श्वभूमी

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली मद्रास (आताचे चेन्नई) येथे आढळला. नॅकोची स्थापना १९९२ साली झाली. त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली, तर सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये काम आरंभले. त्या कामातूनच १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. ज्यांना आरोग्यसेवा केवळ धोक्याचे उगमस्थान समजत होती, त्या स्त्रियांनीच आपल्या वस्तीत निरोधवाटपाची व्यवस्था हाती घेतली. वंचित समूहांसाठीच्या पुढील अनेक उपक्रमांमागे हाच विचार आहे.

२००४ साली मोफत औषधयोजना सहा राज्ये व दिल्ली येथील आठ रुग्णालयांतून सुरू झाली. मुंबईचे सर ज. जी. रुग्णालय त्यांपैकी एक होते. आरंभी सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली गेल्यावरच सामान्यतः औषध सुरू होई. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २०१७ पासून निदान होताच उपचार हे धोरण स्वीकारण्यात आले. या बदलाचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. पूर्वी औषध घेणारी व्यक्ती आजारी पडून, मृत्यू जवळून पाहून आलेली असे. आता धडधाकट माणसाला, ज्याला कसलाही त्रास जाणवत नाही त्याला, दर काही आठवड्यांनी कामधंदा सोडून यायला सांगावे लागते. सातत्य टिकवणे त्यामुळे अधिक अवघड झाले आहे.

मुरबाड व शहापूर परिसर

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याचा आदिवासीबहुल डोंगराळ भाग प्रामुख्याने शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत उरला. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली हे येथील प्रमुख आदिवासी समाज आहेत. त्यांपैकी कातकरी समाजाची गणना विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत होते. या समाजांत एचआयव्हीचे प्रमाण अधिक आहे असा याचा अर्थ नव्हे. संसर्ग झालाच तर उपचार टिकवणे त्यांना इतरांपेक्षा जड जाते, एवढाच येथे मुद्दा आहे.

टोकावडे हे मुरबाडच्या पुढे, कल्याण–अहिल्यानगर महामार्गावरील बाजाराचे गाव असून येथे ग्रामीण रुग्णालय आहे. शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. अशा रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते. उपचाराची मुख्य एआरटी केंद्रे मात्र मोठ्या शहरांतील रुग्णालयांत असतात. शहापूर तालुक्यातून आसनगाव, आटगाव, खर्डी किंवा कसारा या स्थानकांवर लोकल तरी पकडता येते. मुरबाड तालुक्यात रेल्वे नाही. टोकावड्याच्या आसपासच्या पाड्यावरून निघालेल्या माणसाला आधी डांबरी रस्त्यापर्यंत पायपीट, मग एसटी किंवा वडापने मुरबाड, तेथून कल्याण आणि पुढे लोकल असा प्रवास करावा लागतो. यात दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही. पावसाळ्यात ओढे भरले की तेही होत नाही.

मोठ्या केंद्रांवरील भार कमी करण्यासाठी आणि औषध घराजवळ मिळावे यासाठी नॅकोने ‘लिंक एआरटी केंद्र’ ही रचना केली. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाची नोंद मुख्य केंद्रात राहते, परंतु गोळ्या त्याला जवळच्या ग्रामीण अथवा उपजिल्हा रुग्णालयातून मिळतात. कोविड-१९ च्या टाळेबंदीत एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. दूरच्या रुग्णांसाठी तिच्याइतका उपयोगी बदल अलीकडे दुसरा झालेला नाही.

हंगामी स्थलांतर

भातकापणी उरकली की या भागातील अनेक कातकरी व ठाकूर कुटुंबे भिवंडी, कल्याण, पनवेल आदी भागांतील वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा, बायको आणि हाताशी आलेली मुले मिळून विटा पाडतात. आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. पाऊस तोंडावर आला की कुटुंबे पाड्यावर परततात. म्हणजे वर्षातील सहाएक महिने केंद्राच्या नोंदवहीतला पत्ता एका तालुक्यात आणि माणूस दुसऱ्या तालुक्यात अशी स्थिती असते. समुपदेशक पत्त्यावर पोहोचला तरी घराला कडी असते.

उचल घेतलेल्या मजुराला भट्टीवरून रजा मागणे सोपे नसते. रजा मागितली तर कारण सांगावे लागते आणि खरे कारण सांगितले तर काम जाण्याची धास्ती असते. भट्टीवरील झोपड्या एकमेकींना खेटून असतात. तेथे रोज ठरल्या वेळी गोळी घेणे शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे काही जण डबी फेकून गोळ्या कागदात बांधून ठेवतात. हे टाळावे, कारण दमट हवेत गोळी खराब होते. ती मूळ डबीतच, आतील शोषक पुडीसह ठेवायची असते.

स्थलांतरितांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात स्वतंत्र प्रकल्प आहेत. मात्र त्यांची आखणी प्रामुख्याने शहरात एकट्याने राहणाऱ्या पुरुष कामगारांना आणि मुंबई–आग्रा यांसारख्या महामार्गांवरील ट्रकचालकांना समोर ठेवून झालेली आहे. सहकुटुंब भट्टीवर जाणारा आदिवासी मजूर त्या चौकटीत नीट बसत नाही. रुग्ण परगावी असताना तेथील एआरटी केंद्रातून तात्पुरते औषध घेण्याची सोय आहे. त्यासाठी उपचाराची नोंदपुस्तिका जवळ हवी. भट्टीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास, प्रत्येक स्थलांतरित रुग्णाला ही सोय समजावून अधिकच्या गोळ्या देणे, हा खर्चाच्या मानाने सर्वांत फलदायी उपाय म्हणावा लागेल.

गोपनीयतेचा पेच

क्षयरोगाच्या उपचारात आशा स्वयंसेविकेने घरी जाऊन गोळ्यांची चौकशी करणे प्रभावी ठरले आहे. एचआयव्हीच्या बाबतीत तेच अडचणीचे होते. आशा त्याच गावची, बहुधा नात्यातली असते. तिच्या फेऱ्या वाढल्या की शेजारीपाजारी तर्क करू लागतात. याउलट काही रुग्णांना जवळचे केंद्रच नको असते. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून ते मुद्दाम दूरच्या शहरातील रुग्णालयात नाव घालतात. म्हणून ‘जवळ ते सोयीचे’ हे गृहीत धरता येत नाही. रुग्णाला विचारूनच केंद्र ठरवणे योग्य होय.

शासकीय सवलतींतही हाच पेच आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे. परंतु ती घ्यायची तर वाहकाला ओळखपत्र दाखवावे लागते, आणि गावच्या गाडीत वाहक व निम्मे प्रवासी ओळखीचे असतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश असून २०२३ पासून तिचे अनुदान दरमहा १,५०० रुपये आहे. तेथेही कागदपत्रे तलाठी व तहसील कार्यालयातून फिरतात. सवलत आहे आणि घेणारा पुढे येत नाही, याचे कारण दर वेळी अज्ञान नसते.

या पेचातून मार्ग काढणारी सर्वांत टिकाऊ रचना म्हणजे एचआयव्हीसह जगणाऱ्यांनीच एकमेकांचा पाठपुरावा करणे. २०१३ पासून ‘विहान’ कार्यक्रमांतर्गत काळजी व आधार केंद्रांत अशा सहकाऱ्यांना काम दिले गेले. २०१७ च्या ‘मिशन संपर्क’ या मोहिमेत उपचार सोडलेल्या व्यक्तींचा शोध घेऊन त्यांना परत आणण्याचा प्रयत्न झाला. औषध सोडलेल्या माणसाला रागे भरणारा परत मिळवत नाही. तीच गोळी रोज घेणारा मिळवू शकतो. माहितीसाठी १०९७ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

माता आणि बालके

उपचाराअभावी आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते; वेळेवर औषध घेतल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली येते. यासाठी गरोदरपणीच तपासणी होणे आवश्यक असते. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळवलेल्या थेंबांवरून होते. बाळंतीण भट्टीवर गेली तर नेमकी हीच तपासणी राहून जाते.

मोठ्या मुलांचा प्रश्न शाळेशी निगडित आहे. शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या क्षेत्रात निवासी आश्रमशाळा आहेत. तेथे राहणाऱ्या मुलाला रोज गोळी मिळायची तर अधीक्षकांपैकी कुणा एकाला ठाऊक असले पाहिजे, आणि त्या एकाने ते इतर कोणालाही कळू देता कामा नये. शिक्षकी पेशात याहून नाजूक विश्वास क्वचितच टाकला जातो. तो मोडल्यास काय घडते हे २००९ साली लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे दिसले. तेथील ‘सेवालय’ या संस्थेतील एचआयव्हीबाधित मुलांना गावच्या शाळेत बसू देण्यास पालकांनी विरोध केला होता.

कायदा

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात, काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीला केवळ एचआयव्ही आहे म्हणून रोजगार नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. त्या कामगाराचे नाव गुप्त राहावे म्हणून निकालपत्रात त्याचा उल्लेख ‘एमएक्स’ या अक्षरांनीच आहे.

पुढे एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ संमत झाला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा व निवास यांत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली असून, कायद्यातील अपवाद वगळता व्यक्तीच्या संमतीविना तिची एचआयव्हीविषयक माहिती उघड करता येत नाही. तक्रारींसाठी राज्यांनी लोकपाल नेमावयाचा असतो. आईवडील गमावलेल्या घरांचा विचार करून या कायद्यात आणखी एक तरतूद केलेली आहे: बाधित कुटुंबाचा कारभार समजूतदारपणे सांभाळणारे १२ ते १८ वर्षांचे भावंड शाळाप्रवेश, बँक खाते व उपचार यांसाठी आपल्या धाकट्या भावंडांचे पालक म्हणून सही करू शकते.