राजा मेला, फोन एंगेज

परवा भाचा विचारत होता, "मामा, तू कधी गेमचा बीटा खेळलायस?" म्हटलं, बाळा, १९९७ साली! अमेरिकेत एमएस करत होतो तेव्हा. 'अल्टिमा ऑनलाइन'ची चाचणी होती. सीडीसाठी पैसे मोजले, मोडेमची कुंईकुंई ऐकत बसलो आणि एकदाचा आत शिरलो.

समोरचा चिलखतवाला खरा माणूस आहे, हेच आधी खरं वाटेना. मी नमस्कार केला. त्याने मला ठार मारलं आणि कपडे काढून नेले. असो.

बनवणाऱ्यांनी म्हणे त्यात अख्खी निसर्गसाखळी घातली होती. गवतावर मेंढ्या, मेंढ्यांवर लांडगे. खेळाडूंनी दिसेल ते मारून टाकलं. साखळी कुणाच्या लक्षातही आली नाही. शेवटी ती काढूनच टाकली.

ऑगस्टमध्ये गेमचा जनक रिचर्ड गॅरियट 'लॉर्ड ब्रिटिश' राजा बनून प्रजेला भेटायला आला. मधेच सर्व्हर कोसळला. परत आल्यावर आपलं अमरत्व चालू करायचं गडी विसरला! 'रेन्झ' नावाच्या खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा खलास. पुढे रेन्झचं खातं बंद केलं. कारण काय, तर बग कळवण्याऐवजी वापरायचा. आम्ही कित्येक रात्री यावरच वाद घातला.

त्यातल्याच एका रात्री आई पुण्याहून फोन लावत होती. तीन तास एंगेज. आजीला दवाखान्यात नेल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. "लॅबचं काम चालू होतं," असं सांगितलं तेव्हा.

आई, वाचत असशील तर... नव्हतं.