व्यसनमुक्ती केंद्रात कोण येतं? व्यसनाची मुळं नेमकी कुठे असतात?

'मनावर ताबा नाही, म्हणून व्यसन लागलं', असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात कारणं अनेक असतात.

घर आणि आनुवंशिकता: व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा घरातलं व्यसन पाहिलेल्यांमध्ये हा धोका वाढतो, असं अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं.

मन: नैराश्य, चिंता, झोप न लागणं यावर अनेक जण दारूचा 'उपाय' शोधतात. थोडा वेळ बरं वाटतं, नंतर त्रास वाढतो. त्यामुळे व्यसनासोबत मूळ आजारावरही उपचार लागतात.

समाज: मित्रांचा आग्रह, बेरोजगारी, एकटेपणा यांचाही हात असतो. बदनामीच्या भीतीने स्त्रिया उपचारांना उशिरा येतात. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या 'मुक्तांगण'ने म्हणूनच स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला.

उपचार किती जणांना मिळतात? केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला.

केंद्रातून परतलेला माणूस पुन्हा घसरला, तर उपचार वाया गेले असं समजू नका. मधुमेहासारखंच इथेही दीर्घकाळ लक्ष द्यावं लागतं. टोमणे मारून व्यसन सुटत नाही. माणूस लपवायला मात्र शिकतो.

घरात कुणाला गरज असेल, तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर मोफत फोन करता येतो.