आउटलायर : चाळीस दिवस लागलेल्या एका कामाचे काय करायचे?

डिचोली तालुक्यातील लाटंबार्से पंचायत क्षेत्र महाराष्ट्राच्या दोडामार्ग तालुक्याला लागून आहे. येथील लाडफे, वडावल, कासारपाल, नानोडा या भागांत नोकरी म्हटली की एके काळी खाण, ट्रक नाहीतर सरकारी खाते एवढेच पर्याय डोळ्यांपुढे येत. आता पर्वरी, पणजी, वेर्णा येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत जाणारे किंवा पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचे काम घरी बसून करणारे तरुण नवलाईचे राहिलेले नाहीत. त्यांच्या कामाचे वार्षिक मूल्यमापन मोठ्या प्रमाणावर आकड्यांवर होते. एक काम हाती घेतल्यापासून पूर्ण होईपर्यंत किती दिवस लागले, महिन्यात किती वेळा नवी आवृत्ती चालू केली, त्यातील किती बदल फसले, बंद पडलेली सेवा किती वेळात सुरू झाली, असे हे आकडे असतात. पगारवाढ, बढती आणि प्रसंगी नोकरीही त्यांवर अवलंबून असते. म्हणून या आकड्यांत एखादी नोंद बाकीच्यांपासून फार दूर पडली, तर तिचे काय करायचे हा प्रश्न केवळ संख्याशास्त्राचा राहत नाही. अशा नोंदीला आउटलायर म्हणतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका लहान संघाने तिमाहीत ११ कामे पूर्ण केली आणि त्यांना अनुक्रमे २, २, ३, ३, ३, ४, ४, ५, ५, ६ आणि ४० दिवस लागले. एकूण ७७ दिवस झाले, म्हणजे सरासरी ७. परंतु ११ पैकी १० कामे ६ दिवसांत किंवा त्याआधीच संपलेली आहेत. बरोबर ७ दिवस लागलेले एकही काम या यादीत नाही. शेवटचे काम वगळले तर सरासरी ३.७ वर येते. याउलट मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारी संख्या, ४ आहे. शेवटचे काम ४० ऐवजी ४०० दिवसांचे असते, तरी मध्यक ४ च राहिला असता. संघाचा नेहमीचा वेग सांगायचा असेल तर मध्यक वापरावा, असे जाणकार म्हणतात ते यामुळेच.

आउटलायर ओळखण्याची सर्वांत परिचित रीत म्हणजे सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिपटीहून दूर असलेली नोंद वेगळी काढणे. कार्यालयातल्या तक्त्यांत तीच सर्रास वापरली जाते आणि तीच लहान संघांना फसवते. वरील उदाहरणात प्रमाण विचलन, एकूण संख्येतून एक वजा करून भागण्याच्या प्रचलित रीतीने, सुमारे ११.०२ येते. त्याची तिप्पट सरासरीत मिळवली की मर्यादा ४० च्या किंचित वर जाते. म्हणजे डोळ्यांना ढळढळीत दिसणारे ४० दिवसांचे काम या कसोटीला दिसतच नाही! कारण उघड आहे. त्या एका नोंदीने सरासरीही वर ओढली आणि विचलनही फुगवले. जिला पकडायचे तिनेच कुंपण लांब सरकवले. गणिताने हेही सिद्ध करता येते की, या रीतीने मोजल्यास नोंदी १० किंवा त्याहून कमी असतील तर कोणतीही नोंद, ती कितीही अवाढव्य असो, तिपटीच्या पलीकडे जाऊच शकत नाही. गोव्यातील अनेक संघ आठ-दहा जणांचे असतात. त्यांच्यात दरडोई एकेक आकडा घेऊन ही कसोटी लावणे म्हणजे मोठ्या भोकांच्या जाळ्याने तारल्या पकडायला जाण्यासारखे आहे.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथातून रूढ केलेली रीत येथे अधिक उपयोगी पडते. मध्यकाच्या खालच्या आणि वरच्या अर्ध्या भागांचे पुन्हा मध्यक काढायचे. आपल्या उदाहरणात ते ३ आणि ५ येतात. दोहोंतील अंतर २, त्याची दीडपट ३. वरची मर्यादा ५ अधिक ३, म्हणजे ८ दिवस. चाळीस लगेच बाहेर पडतो.

पण तो बाहेर पडला म्हणून पुसून टाकायचा, असे मात्र नव्हे. सूत्राने केवळ एवढेच सांगितले की येथे पाहा. ४० दिवस का लागले याची उत्तरे अनेक असू शकतात. काम तिसऱ्या दिवशीच संपले असेल आणि नोंद बंद करायची राहून गेली असेल. मग ती चूक आहे, दुरुस्त करावी. ग्राहकाने महिनाभर उत्तरच दिले नसेल. मग थांबलेला काळ आणि कामाचा काळ वेगळे दाखवावेत. किंवा दहा वर्षे कोणी हात न लावलेला जुना, गुंतागुंतीचा दोष एका अनुभवी व्यक्तीने अंगावर घेतला असेल. तसे असेल तर तक्त्यात सर्वांत संथ दिसणारी व्यक्तीच संघातील सर्वांत उपयुक्त व्यक्ती असण्याचा संभव आहे. सरासरीने तिचे मूल्यमापन झाले की तिच्यावर अन्याय होतो. नोंद पुसली तर दंड टळतो, पण श्रेयही जाते. टोकाची संख्या जवळच्या साध्या संख्येवर आणून ठेवण्याची, म्हणजे येथे ४० च्या जागी ६ धरण्याची एक रीत आहे. तिला विन्सरायझेशन म्हणतात. त्याने सरासरी ३.९ अशी सभ्य दिसते. मात्र वरिष्ठांपुढे जाणाऱ्या अहवालात तसे केल्याचे लिहिले नसेल, तर प्रस्तुत लेखकाच्या मते ती सफाईदार लपवाछपवीच होय.

आउटलायर नसलेल्या गोष्टीही पुष्कळदा आउटलायर समजल्या जातात. चतुर्थीच्या आठवड्यात गोव्यातील संघाची कामे रेंगाळतात. हा अपवाद नाही, हा दरवर्षीचा ऋतू आहे. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट जाण्याचेही तसेच. त्यांची तुलना मागील महिन्याशी नव्हे, तर मागील वर्षाच्या त्याच काळाशी व्हायला हवी. दुसरा प्रकार डिचोलीकरांना वेगळा समजावून सांगायला नको. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. आणि न्यायालयाच्याच निवाड्याने १६ मार्च २०१८ पासून ८८ लीजवरील उत्खनन पुन्हा थांबले. या सर्व वर्षांची सरासरी काढली तर येणारा आकडा एकाही वर्षाचे खरे चित्र दाखवत नाही. येथे बंदीची वर्षे अपवाद म्हणून वगळणे जितके चूक, तितकेच तेजीचे वर्ष नेहमीचे मानणेही चूक. सॉफ्टवेअर संघातही मोठा ग्राहक गेला, नवी प्रणाली आली किंवा अर्धा संघ बदलला की आधीच्या आणि नंतरच्या नोंदी वेगळ्याच मांडाव्या लागतात.

टोकाच्या आकड्यांनी या व्यवसायात एक दंतकथाही निर्माण केली आहे. १९६८ मध्ये सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांनी १२ अनुभवी प्रोग्रामरांच्या अभ्यासातून असे मांडले की, चुका शोधण्याच्या एका कामात सर्वांत संथ आणि सर्वांत जलद व्यक्तीत २८ पटींचा फरक होता. दहापट काम करणाऱ्या अलौकिक प्रोग्रामरच्या कल्पनेला या आकड्याने बळ दिले. पुढे १९९९ मध्ये जर्मन संशोधक लुट्झ प्रेशेल्ट यांनी ही तुलना दिशाभूल करणारी असल्याचे दाखवले. वेगवेगळ्या परिस्थितीत काम केलेल्यांना एकत्र मोजले गेले होते. शिवाय सर्वांत मोठ्या संख्येला सर्वांत लहान संख्येने भागणे म्हणजे दोन आउटलायरांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढणे. व्यक्तींच्या टोकांऐवजी गटांची तुलना केली की फरक उरतो, पण तो पुष्कळ लहान असतो.

वेगाच्या बाबतीत मध्यक पुरेसा असला, तरी बिघाडांच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सुरळीत पार पडलेल्या असंख्य अद्ययावतीकरणांत ही एक नोंद. मध्यकावर तिचा परिणाम शून्य. परंतु त्या वर्षाविषयी जाणून घेण्याजोगी गोष्ट तीच आहे. सेवा पूर्ववत होण्यास लागणाऱ्या सरासरी वेळेचेही असेच. गूगलमधील अभियंते स्टेपान डेव्हिडोविच यांनी २०२१ मध्ये संगणकीय प्रयोगांनी दाखवले की, बिघाडांचे कालावधी इतके विस्कळीत असतात की ती सरासरी सुधारली किंवा घसरली, यावरून संघ सुधारला की घसरला हे विश्वासाने सांगता येत नाही. मोठे बिघाड म्हणून सरासरीत मिसळू नयेत आणि वगळूही नयेत. त्यांची एकेक हकिकत स्वतंत्रपणे लिहावी.

ग्राहकाला मुदत देताना सरासरीही नको आणि मध्यकही नको. मध्यक धरला तर जवळपास निम्मी आश्वासने मोडतील. तेथे ८५ वा शतमान घेण्याची प्रथा आहे. शंभरपैकी ८५ कामे जितक्या दिवसांत होतात तो आकडा सांगायचा. वरील उदाहरणात तो ६ येतो.

मूल्यमापनाला सामोरे जाणाऱ्यांच्या हाती एक साधी गोष्ट असते. काम अडकले तर ते का अडकले, हे त्याच दिवशी त्या कामाच्या नोंदीत लिहून ठेवावे. मार्चमध्ये आठवून सांगितलेले कारण सबबीसारखे वाटते. आणि अहवाल तयार करणाऱ्याने ७ हा एकच आकडा देण्याऐवजी पुढील तीन ओळी लिहिल्या तरी पुरे : पूर्ण कामे ११. मध्यक ४ दिवस. १० कामे ६ दिवसांच्या आत. एका कामास ४० दिवस. कारण जुन्या हिशेब प्रणालीतील दोष, आता दूर झाला आहे.